वाचताना पडणारा पीळ

बारावीच्या जीवशास्त्रात प्रतिलेखनाचं, म्हणजे पेशी डीएनएची अक्षरं वाचून त्यांची आरएनएत प्रत काढते त्या कामाचं, एक ठरलेलं चित्र असतं. डीएनएच्या दोन रेघा मधेच फाकलेल्या, त्या फटीत आरएनए पॉलिमरेज नावाचा गोळा बसलेला, त्याच्या पोटातून आरएनएची शेपटी बाहेर आलेली आणि पुढे जाण्याची दिशा दाखवणारा बाण. फळ्यावर हे काढायला दोन मिनिटं पुरतात, परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. पण दरवर्षी ते शिकवताना माझा जीव कासावीस होतो, कारण पेशीला या कामात जिथे खरे कष्ट पडतात, नेमकं तेवढंच त्यात नसतं. पीळ नसतो.

डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती वळलेले आहेत, साधारण दर साडेदहा अक्षरांमागे एक वेढा. हे आपण पाठ करतो आणि पुढच्या पानावर विसरून जातो. पॉलिमरेज एका वेळी जेमतेम डझनभर अक्षरांपुरते धागे सोडवतं, वाचतं, मागचे मिटवतं आणि पुढे सरकतं. पण वळलेल्या धाग्यांमधून नुसतं सरळ पुढे जाता येत नाही. एकतर वाचणाऱ्याने दर साडेदहा अक्षरांमागे डीएनएभोवती एक फेरी मारायची, नाहीतर डीएनएने स्वतःभोवती फिरायचं. जिवाणूत पॉलिमरेजचा वेग सेकंदाला पन्नासेक अक्षरांचा, म्हणजे दर सेकंदाला जवळपास पाच फेऱ्या. त्यात पाठीला लांबत जाणारा आरएनए. जिवाणूत त्या आरएनएवर रायबोसोम चढून प्रथिनं बनवायलाही लागलेले असतात, आपल्या पेशीत त्याची काटछाट करणारी अवजड यंत्रणा त्याला लटकलेली असते. एवढा बाडबिस्तरा घेऊन, पेशीतल्या त्या गर्दीत, गिरक्या घेणं पॉलिमरेजला जमत नाही. मग फिरावं लागतं ते डीएनएला.

त्याची टोकं मोकळी असती तर काही अडलं नसतं, पीळ टोकाकडून निघून गेला असता. पण बहुतेक जिवाणूंचं गुणसूत्र म्हणजे बंद कडं, त्याला टोकच नाही. आणि आपल्या एकेका पेशीत दोन मीटर डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या केंद्रकात बसवलेला, जागोजागी फासे करून अडकवलेला. टोक असलं तरी ते इतकं लांब, की पीळ तिथवर पोचायच्या आत साचतो. वाचणाऱ्याच्या पुढे पीळ वाढत जातो, मागे उणा होत जातो. याला सुपरकॉइलिंग म्हणतात. पुढचं धन, मागचं ऋण.

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गल्लीत यंत्रमाग होते तसे सुताला पीळ देणारे कारखानेही होते. एकेरी सुताचे दोन पदर जवळ आणायचे आणि उलट्या दिशेने पिळायचे, की दुहेरी सूत तयार. चात्या गरगर फिरत असायच्या, कापसाची भुरी भुवयांवर बसायची. पीळ कमी पडला तर सूत मागावर तुटतं. जास्त झाला तर ताण ढिला होताच सूत स्वतःवरच मुरडतं, आणि ती मुरड नेमकी मागावर अडकून काम थांबवते. म्हणून ताजं सूत वाफेवर ठेवून पीळ बसवून घेतात. माझी मावशी जन्मभर कांड्या भरत होती. ती वीतभर सूत चिमटीत धरून दोन्ही हात जवळ आणायची, मधला भाग किती जोरात मुरडतो ते बघायची आणि म्हणायची, "ह्यात पीळ लई झालाय." मोजपट्टी, भिंग, काही नाही. दोन बोटांत तिला कळायचं.

वर्गात मी हेच सूत नेते. जाड, दुहेरी, हातभर लांब. दोन मुली दोन टोकं घट्ट धरतात, तिसरी दोन पदरांच्या मधे पेन्सिल घालते आणि पुढे ढकलते. पेन्सिल सुताभोवती फिरवायची नाही, एवढी एकच अट. सुरुवातीला ती सहज सरकते. मग पुढचे वेढे दाट व्हायला लागतात, एकमेकांना चिकटतात. मागे मात्र दोन्ही पदर एकमेकांना विसरल्यासारखे शेजारी शेजारी सैल पडलेले. ढकलणाऱ्या मुलीचं बोट पांढरं पडतं. एका ठिकाणी पेन्सिल थांबते ती थांबतेच. पुढचं टोक धरलेलीने हात जरा जवळ आणला की दाट झालेला भाग झटक्यात मुरडून त्याचा वेटोळा होतो. मी अजून एक शब्दही शिकवलेला नसतो आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, पुढचा पीळ सोडवायला पाहिजे."

हे वाक्य विज्ञानात नीट मांडलं जायला १९८७ साल उजाडावं लागलं, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पिळाची अडचण पहिल्या दिवसापासून दिसत होती. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी सर्पिल मांडलं, तेव्हाच त्यांनी हे धागे उकलायचे कसे हा प्रश्न नोंदवून ठेवला होता. पुढच्याच वर्षी मॅक्स डेलब्रुक यांनी लिहिलं, की धागे मधे तोडून पुन्हा जोडल्याशिवाय यातून सुटका दिसत नाही. पण सगळ्यांचं लक्ष डीएनएची नक्कल होते त्या क्षणाकडे होतं. नक्कल म्हणजे दोन्ही धागे कायमचे वेगळे करणं, तिथे पिळाचा प्रश्न उघड होता. वाचन मात्र बिनबोभाट वाटत होतं. धागे जरासे उघडतात, पुन्हा मिटतात, मग त्यात काय एवढं?

दरम्यान हत्यारं सापडत गेली. १९७१ साली जेम्स वांग यांना ई. कोलाय जिवाणूत एक विकर, म्हणजे एन्झाइम, सापडलं, जे डीएनएतला उणा पीळ सोडवून देत होतं. १९७२ साली शांपू आणि डल्बेको यांना उंदराच्या पेशींत तसंच काम करणारं दुसरं सापडलं. १९७६ साली मार्टिन गेलर्ट यांच्या प्रयोगशाळेत गायरेज हाती लागलं, आणि ते तर पेशीतली ऊर्जा खर्चून डीएनएत उणा पीळ उलट भरत होतं. या सगळ्या कुळाला टोपोआयसोमरेज म्हणतात. मग १९८३ साली एक कोडं पुढे आलं. जिवाणूतलं गायरेज औषधाने बंद पाडलं, की त्यातल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएत जादा पीळ भरलेला दिसायचा. पीळ काढणारा थांबवला तर पीळ भरला, इथपर्यंत ठीक. पण भरत कोण होतं?

लेरॉय लिऊ आणि जेम्स वांग यांनी १९८७ साली उत्तर दिलं, की वाचणाराच भरतो. पॉलिमरेज फिरू शकत नसेल तर त्याच्या पुढे धन आणि मागे ऋण पीळ साचणारच. एरवी गायरेज पुढचा पीळ काढतं, टोपोआयसोमरेज-१ मागचा, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. एकाला अडवलं की दुसऱ्या बाजूचा हिशोब उघडा पडतो. त्या लेखात भर प्रयोगापेक्षा विचारावर आहे. सगळ्यांच्या समोर पडलेल्या गोष्टी घेऊन, हे असंच असलं पाहिजे, असा केलेला तो युक्तिवाद आहे. पुढच्याच वर्षीपासून प्रयोगांनी त्याला दुजोरा द्यायला सुरुवात केली.

आता ही विकरं करतात काय? सुताच्या कारखान्यात पीळ काढायचा तर टोक सोडावं लागतं. पेशीला टोक नाही, म्हणून ती मधेच टोक तयार करते. आपल्या पेशीतलं टोपोआयसोमरेज-१ डीएनएला मिठी मारतं आणि दोनपैकी एकच धागा कापतं. कापलेलं टोक ते वाऱ्यावर सोडत नाही, टायरोसिन या आपल्याच एका अमिनो आम्लाला ते रासायनिक बंधाने जोडून धरतं. दुसरं टोक मोकळं. त्या मोकळ्या टोकाच्या बाजूचा डीएनए आता न कापलेल्या धाग्याभोवती फिरतो, साचलेला पीळ एकेक वेढ्याने उतरतो, आणि मग विकर टोक परत होतं तिथे जोडून बाजूला होतं. तुटलेल्या बंधाची ऊर्जा टायरोसिनच्या जोडात सांभाळून ठेवलेली असते, म्हणून जोडायला वेगळी ऊर्जा लागत नाही. एकही अक्षर गळत नाही. दुसरं टोपोआयसोमरेज याहून धाडसी. ते दोन्ही धागे कापतं, त्या फटीतून डीएनएचा दुसरा तुकडा आरपार काढतं आणि फट बुजवतं. त्याला मात्र एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं नाणं, मोजावं लागतं. आपल्या शरीरात हे अखंड चालू आहे, आत्ता, हे वाचतानाही. ज्या रेणूला आपण आयुष्याचा मूळ दस्तऐवज म्हणून जपायचं म्हणतो, तो पेशी दर क्षणी मुद्दाम कापते, कारण न कापता तो वाचताच येत नाही.

मावशीला आतड्याचा कर्करोग झाला, तेव्हा हे सगळं माझ्यासाठी पुस्तकातलं राहिलं नाही. पहिल्या औषधांनी हवा तसा गुण आला नाही, मग डॉक्टरांनी बदलून दिलं. सलाइनच्या पिशवीवर चिकटवलेल्या कागदावर हाताने लिहिलेलं नाव मी वाचलं: इरिनोटेकान. ते वाचून मी नुसती बघत राहिले. मावशी म्हणाली, "काय करायलंय गं हे पाणी, आत जाऊन?"

मी तिला तिच्या कामातून सांगितलं. म्हटलं, मावशी, आपल्या अंगात सुतासारखे पिळाचे धागे असतात. काम चाललं की त्यांना जादा पीळ पडतो. तो सोडवायला एक जण धागा कापतो, पीळ जाऊ देतो, परत सांधतो. हे औषध त्याचा सांधायचा हात धरून ठेवतं. ती म्हणाली, "मग चांगल्या धाग्याचं पण वाटोळंच की." मी हो म्हणाले. तिच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नव्हतं.

औषध तेवढंच करतं हे खरं आहे. कापलेल्या जागी टोपोआयसोमरेज-१ आणि डीएनए यांच्या मधल्या फटीत ते शिरून बसतं आणि सांधा पुन्हा जुळू देत नाही. नुसत्या अडकलेल्या सांध्याने पेशी लगेच मरत नाही. पण तिने विभाजनासाठी डीएनएची नक्कल सुरू केली, की नक्कल करणारी यंत्रणा येऊन त्या सांध्यावर आदळते आणि एका धाग्याची चीर दोन्ही धाग्यांची तूट होते. भराभर विभाजन होणाऱ्या पेशी आधी मरतात. कर्करोगाच्या त्यात असतात, तशा आतड्याच्या अस्तराच्या आणि केसांच्या मुळांच्याही असतात. इरिनोटेकानने होणारे जुलाब किती वाईट असतात ते ज्या घराने पाहिलं त्याला सांगायला नको. मावशीला त्या औषधाने काही महिने मिळाले. त्यात तिने धाकट्या नातीचं बारसं पाहिलं.

या औषधाचा मूळ रेणू कॅम्प्टोथेसिन. तो शोधणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधन संस्थेत मनरो वॉल यांच्यासोबत १९६६ साली त्यांनी एका चिनी झाडातून हा रेणू वेगळा केल्याचं जाहीर केलं. पुढे टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषधही याच जोडीचं. नंदुरबारच्या माणसाचं नाव महाराष्ट्रातल्या शाळेच्या पुस्तकात मी शोधत असते, आणि ते तिथे असायला हवं असं मला मनापासून वाटतं. १९७२ साली हाच रेणू आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या एका झाडातही असल्याचं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. मराठीत त्याला नरक्या म्हणतात, फुलांना घाण वास येतो म्हणून. औषधाला मागणी वाढली तशी या झाडावर कुऱ्हाड चालली, इतकी की ते दुर्मिळ झालं. आणि हा रेणू नेमका कुठे घाव घालतो हे कळलं १९८५ साली, लेरॉय लिऊ यांच्याच प्रयोगशाळेत. म्हणजे पिळाचं कोडं सोडवण्याआधी दोनच वर्षं ते याच विकरामागे लागलेले होते.

जिवाणूंच्या बाबतीत हीच कथा घरोघरी माहीत असलेल्या गोळीत आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन गायरेजला असंच कापलेल्या अवस्थेत अडकवून ठेवतं. गायरेज आपल्या पेशीत नाही, म्हणून गोळीचा मारा जिवाणूवर होतो. सोलापूरच्या मे महिन्यात मला हमखास आठवतात ते दुसरे जीव, उकळीच्या जवळ तापलेल्या झऱ्यांत राहणारे. त्यांच्याकडे रिव्हर्स गायरेज असतं, ते डीएनएत धन पीळ भरू शकतं. जादा पिळलेले धागे उष्णतेने सहज फाकत नाहीत.

पिळाकडे नुसती अडचण म्हणून बघणं मला पटत नाही. पॉलिमरेजच्या मागे जो उणा पीळ राहतो त्याने धागे सैल होतात, आणि सैल धागे उघडायला सोपे. शेजारच्या जनुकाची सुरुवात त्या पट्ट्यात येत असेल तर तिथे वाचन सुरू व्हायला मदत होते. पुढचा धन पीळही वाया जात नाही. आपला डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांभोवती डावीकडून, साधारण पावणेदोन वेढे घेऊन बसलेला असतो. समोरून धन पीळ आला की ही पकड ढिली होते आणि वाट मोकळी व्हायला हातभार लागतो. मात्र प्रमाण सुटलं की सगळं फिरतं. मागे पीळ फारच उणा झाला तर नवा आरएनए उघड्या धाग्याला चिकटून बसतो आणि डीएनएची मोडतोड होते. पुढे फारच साचला तर यंत्र बंद. २०१३ साली मिशेल वांग यांच्या प्रयोगशाळेत एकेका पॉलिमरेजवर पिळाचा जोर वाढवत नेऊन ते कुठे थांबतं हे मोजलं गेलं, आणि जोर काढून घेतल्यावर ते बऱ्याचदा पुन्हा चालू लागतं हेही दिसलं. पुढच्या वर्षी हार्वर्डमध्ये आढळलं, की जिवाणूत ठळक चालणारी जनुकं एकसारखी न चालता झटक्या-झटक्याने चालतात, त्याचं कारण हाच पीळ. साचला की वाचन बंद, गायरेज येऊन गेलं की चालू.

आता आपल्या डिस्ट्रॉफिन जनुकाचा विचार करा. स्नायूंना लागणारं प्रथिन देणारं हे जनुक २२ लाख अक्षरांच्या आसपास लांब आहे. एकदा वाचायला सुमारे १६ तास लागतात. साडेदहाने भागलं तर दोन लाखांवर वेढे. एका प्रतीसाठी दोन लाख वेढ्यांचा पीळ पुढून काढायचा आणि मागे भरून घ्यायचा, तेही न चुकता. मेंदूच्या पेशींत अशी लांबलचक जनुकं पुष्कळ. २०१३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्याच संशोधकांनी चेतापेशींना टोपोटेकान दिलं, इरिनोटेकानचंच भावंड. सगळी जनुकं सारखी मंदावली नाहीत. जितकं जनुक लांब, तितका फटका मोठा, आणि त्या लांब जनुकांत स्वमग्नतेशी संबंध जोडलेली बरीच होती. मला हा निकाल वाचून हायसं वाटलं होतं, कारण पीळ सोडवणं ही वाचनानंतरची साफसफाई नाही, ते वाचनाचंच अर्धं काम आहे, हे त्यातून लख्ख दिसतं. पुस्तकातल्या चित्रात बाण काढायला जागा असेल, तर त्याच्या पुढे-मागे दोन टोपोआयसोमरेज काढायलाही जागा आहे. मुलांना जड जाईल म्हणून ते गाळतात असं मला सांगितलं गेलं. ज्या शहरातल्या बायका पीळ बोटांनी ओळखतात, त्या शहरातल्या मुलांना ते जड जाणार नाही.

गेल्या वर्षी एका मुलीने, तिच्या घरी चार यंत्रमाग आहेत, विचारलं, "मॅडम, एकाच्या मागे दुसरी पेन्सिल घातली तर?" आम्ही घालून बघितली. दोन्ही एकदम ढकलल्या तर मधल्या सुताचा पीळ वाढतही नाही, कमीही होत नाही, कारण पुढचीने मागे टाकलेला उणा पीळ आणि मागचीने पुढे ढकललेला जादा पीळ एकमेकांना खाऊन टाकतात. पेशीत एकाच जनुकावर अशी अनेक पॉलिमरेज रांगेने चालत असतात. २०१९ साली ई. कोलायमध्ये दाखवलं गेलं, की ती या पिळाच्या देवघेवीमुळे एकट्यापेक्षा वेगाने जातात, मधे बरंच अंतर असलं तरी. आणि जनुकाची सुरुवात बंद केली, म्हणजे मागून नवीन पॉलिमरेज यायचं थांबलं, की आधीच वाटेत असलेली पॉलिमरेजही मंदावतात. यंदा मी वर्गात तीन पेन्सिली नेणार आहे. मागची काढून घेतली तर पुढच्या दोघींच्या मागच्या पिळाचं काय होईल, हे ढकलून बघायच्या आधी मुलांना वहीत लिहायला सांगणार आहे.